आखाजीचं चौथं लोटकं

मला पायलीभर ज्वारीत विकत घेतलंय. हसू नका, खरंच सांगतोय. आमच्या घरात हा किस्सा इतक्यांदा सांगून झालाय, की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं मला विचारलं होतं, "एवढ्या स्वस्तात सुटलात, म्हणजे मालात काही खोट होती का हो?"

किस्सा असा. माझ्या आईची, कुंदाबाईची, पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली. मग मी झालो. धुळ्याला, गल्ली नंबर सहात, ऐन आखाजीच्या दिवशी, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला. आता एखादीची लेकरं लागोपाठ जायला लागली की आमच्याकडं एक तोड करत. पाचव्या दिवशी बाळ सुपात घालायचं, शेजारणीला देऊन टाकायचं, आणि तिच्याकडून धान्य मोजून परत विकत घ्यायचं. म्हणजे सटवाई फसते. हे पोर त्या दुसरीचं, असं तिला वाटतं, आणि ती वाटेला जात नाही. आईनं मला शेजारच्या शेवंताच्या ओटीत टाकलं, पायलीभर ज्वारी देऊन परत घेतलं, आणि नाव ठेवलं भिकन. म्हणजे देवाकडं भीक मागून मिळवलेला. नाव आधीच ठरलेलं होतं म्हणे, पोटुशी असतानाच तिनं एकविरेला बोलून ठेवलं होतं.

माझे कान मोठे आहेत आणि पुढं आलेले आहेत. शाळेत पोरं 'सुपकान्या' म्हणून पळायची. मी रडत घरी आलो की आई म्हणायची, "अरे, सुपात निजवलं होतं ना तुला, म्हणून तसे झाले." आणि मी गप्प व्हायचो. मला ते पटायचं, काय करणार!

मी आठ महिन्यांचा असताना वडिलांना, झुलालना, नाशिकला नोकरी लागली आणि आम्ही धुळं सोडलं. ते सोडलं ते सोडलंच. चाळीस वर्षांत आईनं मला एकदाही तिकडं नेलं नाही. विचारलं की म्हणायची, "काय ठेवलंय त्या धुळ्यात? ऊन नि माश्या!" लग्नं निघाली, बारसी निघाली, कोणी ना कोणी बोलवायचं, आणि नेमकं तेव्हाच आईचं कंबरडं धरायचं. एरवी ही बाई दोन कळश्या डोक्यावर घेऊन जिना चढायची.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे. आखाजीला खान्देशात घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरतात. मोठ्या माणसाची मातीची घागर, लेकराचं छोटं लोटकं, वर डांगर, म्हणजे टरबूज. आई नाशिकलाही हे चुकवायची नाही. वडील गेल्यापासून त्यांची एक घागर असायची आणि शेजारी चार लोटकी. मी एकदा म्हटलं, "आई, लेकरं तीन गेली ना? मग लोटकी चार कशी?" तर म्हणाली, "एक वरचं. कुणाचं भरायचं राहिलं असलं तर त्याचं." मला वाटलं, काय मोठ्या मनाची आहे आपली आई! चारचौघांत सांगायचोसुद्धा मी हे. मूर्ख.

ब्याण्णव साली मला चाळीस पूर्ण झाली. मी ठरवलं, बास, हा वाढदिवस जन्मगावी करायचा. धुळ्यात हिंडायचं, पोट फुटेस्तोवर खायचं, आणि त्या शेवंताबाईला शोधून लुगडं नेसवायचं. ही शेवटची गोष्ट मला फार टोचत होती. जिच्या ओटीतून मी जिवंत परत आलो, तिला आम्ही चाळीस वर्षांत साधा खणही दिला नव्हता. ती म्हातारी मरायच्या आत तिच्या पाया पडायचं, एवढं एकच मनात होतं. बायकोनं चॉकलेटी नऊवारी लुगडं आणून दिलं. आईला सांगितलं, मालेगावला तांब्याची तार आणायला चाललोय. मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं, त्यामुळं तार ही थाप कायम चालते.

नऊला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर ऊन अंगावरच आलं. पण काय सांगू, इतकं छान वाटलं! पाच कंदील चौकाकडं चालत निघालो. रस्त्याच्या कडेनं घागरी मांडलेल्या, नव्या, लालभडक. बायका प्रत्येक घागर बोटानं वाजवून घेत होत्या आणि कुंभारणीशी भांडत होत्या. डांगरांचे ढीग, आंब्यांच्या पाट्या. एका गाडीवर मिरचीची भजी खाल्ली, नाकातून पाणी आलं, तरी आणखी एक प्लेट घेतली. त्यावर उसाचा रस. मग कुणाच्या तरी गाडीवर फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके दिसले, तेही घेतले. गाडीवाला म्हणाला, "पाव्हनं, हळूच. दिवस मोठा शे." मी म्हटलं, "आज माझा वाढदिवस आहे, बोलू नको." त्यानं एक फुणका वर टाकला.

गल्ली नंबर सहात शिरलो तर आखाजी नुसती उधाणलेली. ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव पडलेले. वर्षभर ज्यांना घरात पत्ते दिसले तरी पाप, ते आज सासऱ्यासमोर बसून खेळत होते. लिंबाच्या झाडाला झोका बांधला होता आणि माहेरी आलेल्या पोरी उभ्यानं झोके घेत, गाणी म्हणत होत्या. गल्लीच्या तोंडाशी निंबाआबाची खाणावळ. आबा पंचाहत्तरीचे, हातात पळी, अंगात बंडी. मी बाकड्यावर बसलो आणि शेवभाजी मागितली.

आबांनी ताट ठेवलं आणि माझ्या कानांकडं बघत राहिले. मला सवय आहे, लोक बघतात.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

"झुलालचा. कुंदाबाईचा. इथंच झालो मी, भिकन."

"कुंदाबाईना?" आबांनी पुन्हा विचारलं.

"हो. आज चाळीस झाली, म्हणून आलो."

आबांनी पळी खाली ठेवली. मग आणखी एक वाटी शेवभाजी आणली, तिच्यावर बोटभर तर्री, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. पैसे काढले तर माझी मूठ मिटली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे." बाहेर आलो तर पत्त्यांचा एक डाव थांबलेला. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "हाऊ कुंदाबाईना." दुसरा चक्क उठून उभा राहिला. समोरच्या ओट्यावरच्या एका आजीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि डोळ्यांना पदर लावला. आणि मी, शहाणा, काय समजलो? की वा, काय माया आहे या गल्लीत! आईनं मला यांच्यापासून तोडलं कशाला? लोक माझा वाढदिवस करतायत असं वाटलं. गाढव, शुद्ध गाढव.

शेवंताबाईचं घर त्या आजीनंच दाखवलं. दारात सून होती. चुलीवर पालथं खापर आणि तिच्या दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा, हात फिरतायत आणि मांडा वाढतोय, कोपरापर्यंत. मी म्हटलं, "मी नाशिकचा. माझे आईवडील पूर्वी इथं शेजारी राहायचे. शेवंताबाई आहेत का?"

"सासू एकविराले गयी शे, येतीलच. बठा ना भाऊ. आखाजीले दारवरथून कोनी उपाशी जात नही." नवरा लोटन, तो पत्ते खेळायला गेला होता. तो काही आता दिवसभर घरी येत नाही, असं ती हसून म्हणाली. मी नको नको म्हणेस्तोवर पाट, ताट, त्यावर घडी घातलेला मांडा, तूप आणि वाटीभर आमरस. पोटात तसूभर जागा नव्हती, तरी पहिला घास घेतला आणि थांबलोच नाही. असा मांडा आईलाही जमत नाही. मनात म्हटलं, भिकन, हा खरा वाढदिवस.

खाता खाता समोर लक्ष गेलं. कोपऱ्यात एक घागर आणि तिच्याजवळ एक छोटं लोटकं, दोन्हींवर डांगराची फोड, हळदकुंकू. भिंतीवर एका माणसाचा फोटो, हार घातलेला. फेटा कानांच्या वर बांधलेला आणि खाली दोन मोठे, पुढं आलेले कान.

मी घास गिळला. आपल्याशीच हसलो. म्हटलं, आहेत बुवा आपल्यासारखे आणखी.

"घागर कुणाची?"

"सासरानी."

"आणि ते लोटकं?"

"ते मन्हा थोरला जेठनं." तिनं मांडा खापरावर टाकला. "मन्हा मालकना आधीनं पहिलं लेकरू. आखाजीनाच जन्म. पाच दिनना व्हता नि गया बिचारा. सासू त्यानं लोटकं कधी चुकत नही."

"नाव काय होतं त्याचं?"

"भिकन."

आमरस माझ्या मनगटावरून ओघळत होता आणि मी तो पुसतही नव्हतो. माणसाला एवढं कळायला किती वेळ लागावा? आखाजीचा जन्म. पाचवा दिवस. भिकन. आणि भिंतीवरून तो माणूस माझे कान लावून माझ्याकडं बघत होता. झुलालचे कान लहान होते, डोक्याला चिकटलेले. चाळीस वर्षं मी दाढी करताना आरशात बघत होतो आणि एकदाही मनात आलं नाही, की सुपात निजून कुणाचे कान मोठे होत नसतात!

तेवढ्यात शेवंताबाई दारात आली. साठीची, बारीक, हातात नारळ. तिनं सुनेला काही विचारलं नाही. मला बघितलं आणि नारळ खाली ठेवून उंबऱ्यावरच बसली.

"तुले अक्कानं धाडं का?" तिनं विचारलं. अक्का म्हणजे माझी आई. म्हणजे जिला मी आई म्हणतो ती.

"नाही. थाप मारून आलोय."

सुनेला तिनं बाहेर पाठवलं. मग जे सांगितलं ते खान्देशीत सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगतो. कुंदाबाई तिशीची आणि शेवंता एकोणीसची, पहिलटकरीण. भिंतीला भिंत. कुंदाबाईला चौथं झालं आखाजीच्या तीन दिवस आधी. मुलगा. तो दुसऱ्याच दिवशी गेला. आखाजीला शेवंताला मी झालो आणि ती तापानं फणफणली, दूध आलंच नाही. कुंदाबाईला दूध होतं आणि पाजायला कोणी नव्हतं. तिनं मला उचललं. पाच दिवस मी तिच्याच अंगावर प्यालो. पाचव्या दिवशी शेवंताचा ताप उतरला, ती उठून बसली, तर समोर कुंदाबाई, मांडीवर मी, आणि शेजारी सुपात पायलीभर ज्वारी. "तुला पुष्कळ होतील," ती म्हणाली, "मला आता होणार नाही. दे." शेवंताच्या सासूनं ज्वारी पदरात घेतली. शेवंताला कोणी विचारलं नाही.

"विकत घेण्याची रीत करतायत असं दाखवलं," शेवंताबाई म्हणाली. "म्हणजे बाहेरच्यांनी विचारायला नको."

"आणि गल्ली?"

"गल्लीला काय, भिंती पातळ होत्या."

म्हणजे आबांची शेवभाजी, त्या आजीचे डोळे, थांबलेला डाव. अख्ख्या गल्लीला माहीत होतं मी कोण ते. एका मलाच माहीत नव्हतं, आणि मी तिथं मिरचीचे ढेकर देत वाढदिवस सांगत हिंडत होतो. संताप संताप झाला माझा.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "दिलंत, ठीक. एकोणीस वर्षांची पोर, ताप आलेला, समजू शकतो. पण हे लोटकं? जिवंत माणसाचं पाणी भरता? दर वर्षी? माझ्या वाढदिवसाला?"

"अक्कानं एकविरेची शपथ घातली होती. म्हणाली, तू त्याला मेला समज. दर आखाजीला त्याचं लोटकं भर. तुझा जीव मागं ओढायला लागला, तर सटवाईला पत्ता लागेल आणि हाही जाईल."

"आणि तुम्ही भरलंत."

"चाळीस. एक चुकलं नाही."

"मी जिवंत होतो!" मी ओरडलो. बाहेर झोक्यावरची गाणी थांबली. "नाशिकला होतो मी! चार तासांवर! एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही?"

तिनं मान खाली घातली. "तू जगाले पाहिजे व्हता," ती म्हणाली. "म्हनीसन भरं."

मी जगायला हवा होतो, म्हणून भरलं! मी उठलो, कोपऱ्यात गेलो आणि लोटकं उचललं. डांगराची फोड खाली पडली. शेवंताबाई उंबऱ्यावरून धडपडत उठली, "नको रे! ते मेलेल्याचं पाणी!"

"मग माझंच आहे," मी म्हटलं, आणि उभ्यानं घटाघटा प्यालो. नव्या मातीचा वास आणि गार पाणी. एक थेंब ठेवला नाही. लोटकं पालथं करून जागेवर ठेवलं. "पुढच्या वर्षी भरायचं नाही."

ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "मंग तू येशी का?"

मी लुगड्याचा पुडा घागरीशेजारी ठेवला आणि निघालो. पाया पडायलाच आलो होतो मी त्या घरात, पण वाकलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि वाकलो असतो तरी वाटलंच असतं.

गल्लीच्या तोंडाशी निंबाआबा उभे होते. मी त्यांच्यावरच तुटून पडलो. "आबा, सगळ्यांना माहीत होतं?"

"बठ्ठास्ले," आबा म्हणाले. सगळ्यांना. त्यांनी माझ्या हातात भाकरी-शेवेची पुडी कोंबली. मी ती स्टँडवर एका गाईला घातली.

नाशिकला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. वाटेत साडेचार तास मी एकच गोष्ट करत होतो, आईला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. लबाड म्हणायचं होतं. चोर म्हणायचं होतं. सुपाचं, कानांचं, तू मला हसवत हसवत फसवलंस म्हणायचं होतं. शेवंताच्या पोराला तू मेला म्हणून घोषित केलंस आणि वर त्याच्याकडून चाळीस वर्षं आई म्हणवून घेतलंस, असंसुद्धा. सगळं पाठ केलं होतं मी.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. सत्तरीची, पाय पसरून, पातेल्यात आंबे पिळत होती. मनगटापर्यंत रस. "आलास? मिळाली का रे तार?" तिनं वर न बघता विचारलं. "मांडे झालेत. हातपाय धू. तुझ्या वाढदिवसाला तूच घरी नाही, म्हणजे काय म्हणावं! सकाळपासून कुणी जेवलं नाही तुझ्यासाठी."

तिच्यामागं भिंतीला वडिलांची घागर होती आणि तिच्याशेजारी ओळीनं चार लोटकी. वर डांगराच्या फोडी, हळदकुंकू. तीन लेकरं आणि एक वरचं. मी तिच्यासमोर बसलो. नाव तर तिनं पोटुशी असतानाच ठरवून ठेवलं होतं, आणि पोटात तेव्हा मी नव्हतो.

"आई," मी म्हटलं, "यातलं भिकनचं कोणतं?"

तिचे हात पातेल्यात थांबले. कोण भिकन, असं तिनं विचारलं नाही. कुणी सांगितलं, कुठं गेला होतास, काहीच नाही. कोयीला चिकटलेला रस तिनं सावकाश निपटून काढला, हात पदराला पुसले, आणि मागं सरकून चौथं लोटकं पुढं ओढलं. त्याच्यावर तळहात ठेवला. लहान पोराच्या टाळूवर ठेवतात तसा.

"हे," ती म्हणाली. "तुझ्याहून तीन दिवसांनी मोठा."